अमेरिकेत व्हेट, मेडिकल किंवा लॉ स्कूलला जायचंय: कॉलेजची चार वर्षं कशी वापरावीत?

शेवंती:

नमस्कार मंडळी,

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात विद्यार्थी-सल्लागार आहे. डॉक्टर, प्राण्यांचे डॉक्टर (व्हेट) किंवा वकील व्हायचं ठरवून आलेली मुलं पहिल्या वर्षापासून माझ्याकडे येतात. शिवाय दर ऑगस्टमध्ये ओळखीपाळखीतून मराठी आईवडिलांचे फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गैरसमज. प्री-मेड, प्री-व्हेट, प्री-लॉ नावाची पदवी बहुतेक विद्यापीठांत नसते. ती नुसती दिशा असते. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठलंही चालतं. मेडिकल स्कूलला साधारणपणे बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी एक वर्ष लॅबसह, शिवाय बायोकेमिस्ट्री, थोडं स्टॅटिस्टिक्स आणि इंग्रजी लागतं. एवढं झालं की बाकी इतिहास शिका, संगीत शिका. लॉ स्कूलला तर एकही विषय सक्तीचा नाही. अमेरिकन बार असोसिएशन कुठल्याही मेजरची शिफारस करत नाही.

व्हेट स्कूलचं मात्र वेगळं आहे आणि तिथेच मुलं अडकतात. प्रत्येक शाळेची यादी निराळी. एकीला जेनेटिक्स हवं, दुसरीला मायक्रोबायोलॉजी, तिसरीला प्राण्यांचं पोषण, चौथीला चक्क भाषणकलेचा कोर्स. देशभरात मान्यताप्राप्त व्हेट स्कूल्स तीसहून थोडीच अधिक आहेत, मेडिकल स्कूल्स दीडशेहून जास्त. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या राज्याची शाळा आणि आणखी पाच-सहा शाळा निवडून त्यांच्या याद्या शेजारी शेजारी मांडाव्यात. हायस्कूलमधले एपी क्रेडिट (कॉलेजच्या पातळीच्या विषयांचे) चालतात का, हेही प्रत्येक शाळेला विचारावं लागतं. तिसऱ्या वर्षी हे लक्षात आलं तर सेमिस्टर वाया जातं.

दुसरी गोष्ट ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेची. मेडिकलचा सामाईक अर्ज, अ‍ॅमकॅस, यात आयुष्यात कुठल्याही कॉलेजात घेतलेला प्रत्येक कोर्स दाखवावा लागतो. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेलासुद्धा. कोर्स पुन्हा केला तर जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही मोजतात. विज्ञान आणि गणिताचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा काढतात. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्री, बायोलॉजी, कॅल्क्युलस आणि वर एखादी लॅब असं सगळं अंगावर घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते. पहिलं सेमिस्टर कॉलेजात अभ्यास कसा करतात ते शिकण्यासाठी असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिचीच सगळ्यात जास्त हेळसांड होते. ज्या कामात आयुष्य घालवायचं आहे, ते काम दुसरं वर्ष संपायच्या आत जवळून, बराच काळ आणि नियमित पाहिलं पाहिजे. अर्जात तास लिहायचे असतात हे खरं, पण तासांसाठी नव्हे. मुलाला हे काम रोज करवतंय का, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. वीस वर्षांच्या मुलीने म्हाताऱ्या पेशंटला आंघोळ घातली, त्याच्या मुलाचं ओरडणं ऐकून घेतलं आणि तरी पुढच्या शनिवारी ती परत गेली, तर तिला स्वतःबद्दल काहीतरी पक्कं कळलेलं असतं. ते कुठल्याही क्लासमध्ये कळत नाही.

वेळापत्रक थोडक्यात: मेडिकलचा अर्ज मे महिन्यात उघडतो. तो मे अखेर किंवा जूनमध्ये जायला हवा, प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. व्हेटचा सामाईक अर्ज, व्हीएमकॅस, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत द्यायचा असतो. लॉ स्कूल्स साधारण सप्टेंबरपासून अर्ज घेतात आणि आलेल्या क्रमाने पाहत जातात. म्हणजे कॉलेज संपताच पुढे जायचं असेल तर मेडिकलची सगळी तयारी तिसऱ्या वर्षाच्या वसंतातच पूर्ण हवी. ते फार थोड्यांना जमतं. आज मेडिकलला प्रवेश मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी मध्ये किमान एक वर्ष घेतलेलं असतं. त्याला 'वर्ष वाया गेलं' म्हणू नका, ही आईवडिलांना खास विनंती.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन. या क्षेत्रांतली माणसं इथे असतील तर त्यांनीही लिहावं.

रिमझिम_एडिसन:

शेवंती, अगदी वेळेवर धागा काढलात. माझी मुलगी न्यू जर्सीतल्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे आणि तिला व्हेट व्हायचंय. आमच्या दोन्ही घरांत डॉक्टर, इंजिनिअर खूप, पण या वाटेला कोणीच गेलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न. पहिल्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्रीत सी आला आणि ती दोन आठवडे नीट जेवली नाही. आता सगळं संपलं असं तिला वाटतंय. संपलंय का? आणि तास मिळवायचे कुठे? आमच्या भागात कुत्र्यामांजरांचे दवाखाने आहेत, पण फोन केला की 'आम्ही विद्यार्थी घेत नाही' म्हणतात. घरी लॅब्रॅडॉर आहे, त्याचं सगळं तीच करते. ते धरतात का?

शेवंती:

रिमझिम, मुळीच संपलेलं नाही. तिला आधी हे सांगा.

एका सीमुळे दार बंद होत नाही. अनेक व्हेट स्कूल्स एकूण जीपीएबरोबर शेवटच्या ४५ क्रेडिटचा जीपीए वेगळा पाहतात. पहिल्या वर्षी धडपडलेलं मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी उभं राहिलेलं दिसलं की ते त्यांना कळतं. पण त्यासाठी पुढची केमिस्ट्री खरोखर सुधारायला हवी. काय बदलायचं ते अगदी ठोस सांगते: परीक्षेचा पेपर घेऊन प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जायचं आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्यासमोर पुन्हा सोडवायचा. आपली मुलं तिथे जायला लाजतात, मदत मागणं म्हणजे कमीपणा असं त्यांना वाटतं. शिवाय हेच प्राध्यापक पुढे शिफारसपत्र लिहिणार असतात. दोनशे मुलांच्या वर्गात मागे बसलेल्या मुलीबद्दल ते काय लिहिणार?

घरचा कुत्रा अनुभवात धरत नाहीत. व्हीएमकॅसमध्ये दोन कप्पे वेगळे आहेत. व्हेटच्या देखरेखीखाली केलेलं काम हा व्हेटरिनरी अनुभव. व्हेट हजर नसताना प्राण्यांबरोबर केलेलं काम, म्हणजे गोठा, तबेला, शेल्टरमधली साफसफाई आणि चारापाणी, हा अ‍ॅनिमल अनुभव. दोन्ही लागतात, पण पहिल्याचं वजन जास्त. काही शाळा किमान आकडाही सांगतात. कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिसला तो १८० तासांचा आहे, मात्र प्रवेश मिळालेल्या मुलांचे तास सहसा त्याच्या कितीतरी पट असतात.

फोनवर नकार येणारच. दवाखान्यात स्वतः जायचं, दुपारच्या निवांत वेळी, आणि 'शॅडोइंग' (नुसतं बरोबर राहून पाहणं) न मागता पिंजरे धुण्याचं, कपडे वाळवण्याचं, केनेलचं काम मागायचं. पगारी मिळालं तर उत्तमच, पगारी कामाला अर्जात काही कमी लेखत नाहीत. दोन-तीन महिने वेळेवर येणाऱ्या मुलीला आपोआप आत बोलावतात. आणखी एक, न्यू जर्सीत २०२५ पर्यंत एकही व्हेट स्कूल नव्हतं. त्या वर्षी रोवन या सरकारी विद्यापीठात पहिली तुकडी बसली. सरकारी व्हेट स्कूल्स आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात, त्यामुळे तुमच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

कडबाकुट्टी:

मी मराठवाड्यातला. बी.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकाची पदवी) महाराष्ट्रातच केलं, मग इथे येऊन परदेशी पदवीच्या व्हेट्ससाठीची ईसीएफव्हीजी आणि परवान्यासाठीची नॅव्हली या परीक्षा दिल्या. आता आयोवात मिश्र प्रॅक्टिस करतो: गाई, डुकरं, घोडे आणि संध्याकाळी कुत्री-मांजरी. आमच्याकडे कॉलेजची मुलं गाडीतून बरोबर येतात, म्हणून लिहितो.

रिमझिमताई, मुलीला मोठ्या जनावरांकडे पाठवा. शहरातली बहुतेक मुलं फक्त कुत्रीमांजरी पाहून अर्ज करतात. गुरांची, घोड्यांची, कोंबड्यांची माहिती असलेलं मूल लगेच वेगळं दिसतं. प्रवेशासाठी तर आहेच, पण तिच्या स्वतःच्या डोक्यासाठीही. जनावर म्हणजे घरातलं लाडकं बाळ एवढंच नाही, एखाद्या कुटुंबाचं पोट त्याच्यावर आहे, हे गोठ्यातच समजतं. आयोवा स्टेट हे देशातलं पहिलं सरकारी व्हेट स्कूल, १८७९ सालचं, आणि ते इथेच का निघालं हे आमच्याकडची शेतं पाहिली की विचारावं लागत नाही.

काम कसं असतं ते सांगतो. फेब्रुवारीत रात्री फोन येतो, गाय अडली आहे. पहिलटकरीण, वासराचा एकच पाय बाहेर आलेला, दुसरा आत दुमडलेला. बाहेर गोठवणारी थंडी आणि मी खांद्यापर्यंत हात घालून तो पाय सापडतोय का पाहतोय. बरोबरच्या विद्यार्थ्याचं काम काय? दिवा धरायचा, आणि मी हलेन तसा हलवायचा, मी न सांगता. बादलीत कोमट पाणी आणि जंतुनाशक तयार ठेवायचं. वासराला ओढायची साखळी मागितली की धुतलेली साखळी हातात द्यायची. वासरू बाहेर आलं की नाकातोंडातला चिकटा काढायचा आणि वाळक्या गवताने त्याचं अंग खसाखसा चोळायचं. मग गाईची वार पडते का, मायांग (गर्भाशय) बाहेर येत नाही ना, यावर नजर ठेवत थांबायचं. आणि शेवटी सगळं सामान धुवायचं. त्या वेळी रात्रीचे तीन वाजलेले असतात आणि बोटं बधिर.

अशा एका रात्री एका मुलाने न सांगता साखळ्या घासून, पुसून जागेवर लावल्या आणि मग शेतकऱ्याला विचारलं, 'हिचं हे पहिलंच का? मागच्या वर्षी कोणता वळू वापरला होता?' त्याचं शिफारसपत्र मी मनापासून लिहिलं. ज्यांना फक्त सही हवी असते त्यांना मी नाही म्हणतो. बहुतेक शाळांना किमान एक पत्र व्हेटचं हवं असतं, म्हणून एका व्हेटबरोबर तरी वर्षभर टिकून राहा. पाच दवाखान्यांत आठवडा-आठवडा घालवला तर तुम्हाला कोणीच ओळखत नाही.

दयामरणाबद्दलही मुलीशी आधी बोला. छोट्या प्राण्यांच्या दवाखान्यात ते नेहमीचं काम आहे. म्हातारा कुत्रा टेबलावर, घरातली मंडळी रडतायत, आणि त्याच दिवशी बाहेर लसीकरणाला आणलेलं पिल्लू वाट पाहतंय. इंजेक्शन देऊन झाल्यावर पुढच्या खोलीत हसऱ्या चेहऱ्याने जायचं असतं. आमच्या व्यवसायात मनाने खचलेले लोक बरेच आहेत, हे लपवून चालणार नाही. आधी पाहिलेलं असलं तर मूल तयार होऊन येतं.

सह्यकडा:

फार चांगली माहिती. आमची अडचण वेगळी आहे. मी एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), ग्रीन कार्डची रांग आपल्याला माहीतच आहे. मुलगी तीन वर्षांची असताना इथे आली, आता हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, एच-४वर, म्हणजे माझ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. तिला मेडिकलच करायचंय. सगळे म्हणतात 'करू दे, पुढचं पुढे बघू'. मला ते पटत नाही.

शेवंती:

सह्यकडा, तुमचं बरोबर आहे, 'पुढचं पुढे' या बाबतीत चालत नाही. एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो आणि बहुतेक मुलं एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जातात. म्हणजे अर्ज करायच्या वेळेला ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी झालेली असेल, भले तिचं सगळं शिक्षण इथे झालेलं असो. बहुतेक मेडिकल स्कूल्स फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचे अर्ज घेतात. एफ-१ घेणाऱ्या शाळा आहेत, पण मोजक्या, आणि त्यातल्या काही फीची रक्कम आधीच वेगळ्या खात्यात ठेवायला सांगतात. सरकारी कर्जही मिळत नाही. प्रत्येक शाळेचं याबद्दलचं धोरण लेखी असतं, ते आत्ताच काढून यादी करा.

आणखी एक बाब लोक विसरतात. एच-४वरची मुलं पगारी काम करू शकत नाहीत. तिच्या मैत्रिणी मेडिकल स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारी) किंवा इएमटीची (रुग्णवाहिकेवरची) नोकरी करून तास मिळवतील, तिला ते करता येणार नाही. खरंखुरं स्वयंसेवी काम, जे तिथे सगळेच बिनपगारी करतात, ते चालतं: हॉस्पिस, रुग्णालयातलं स्वयंसेवक खातं, फ्री क्लिनिक. हॉस्पिसची मी मुद्दाम शिफारस करते. मरणाऱ्या माणसाशेजारी शांत बसायला शिकलेलं मूल डॉक्टर म्हणून फार पुढे जातं. इमिग्रेशनच्या प्रश्नांसाठी मात्र चांगल्या वकिलाला पैसे देऊन विचारा, माझ्यासारख्या सल्लागाराच्या किंवा धाग्यावरच्या सल्ल्यावर जाऊ नका.

आणि तिला मेजर असं निवडू द्या की मेडिकलचं दार उघडायला वेळ लागला तरी ते शिक्षण तिच्या उपयोगी पडेल. हा तिच्यावर अविश्वास नाही. तिच्याशी हे सगळं उघडपणे बोला. अठरा वर्षांच्या मुलांना घरातली चिंता कळतेच, कारण कळत नाही एवढंच.

निंबोणी:

आमच्या ओळखीत एकाने छान मार्ग काढला. मुलाला उन्हाळ्यात सांगलीकडे मामाच्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तिथे त्याला टाके घालायला, इंजेक्शनं द्यायला मिळालं. इथे नुसतं कोपऱ्यात उभं करतात. अर्जात किती छान दिसेल!

शेवंती:

निंबोणी, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे कृपा करून कोणी करू नका.

ज्या मुलाने अजून फिजिऑलॉजीचा एक कोर्स केलेला नाही, त्याने माणसाच्या अंगावर टाके घालायचे नसतात. इथे अमेरिकेत जे चालणार नाही ते सांगलीत का चालावं? त्या पेशंटला कोणी विचारलं होतं का? मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल विद्यार्थ्यांसाठी वेगळी मार्गदर्शक सूचना काढलेली आहे. ज्याचं शिक्षण झालेलं नाही ते काम पेशंटवर करायचं नाही, हा तिचा गाभा आहे. असं काही अर्जात दिसलं की निवड समितीचा विश्वासच उडतो. शिवाय मामाचं शिफारसपत्र नातेवाइकाचं म्हणून निरुपयोगी.

मामाच्या हॉस्पिटलात जायलाच हवं असेल तर जाऊ दे. बाह्यरुग्ण विभागात बसू दे, केसपेपर कसे लिहितात ते पाहू दे, दिवसभराची मजुरी बुडवून एसटीने आलेल्या बाईशी बोलू दे. गोळ्या अर्ध्यावर का सोडल्या ते तिच्याकडून ऐकू दे. मराठी येणाऱ्या मुलाला हे जमतं, इथल्या इतरांना जमणार नाही. ते अर्जात लिहिण्यासारखं आहे.

कडबाकुट्टी:

शेवंतीताईंना शंभर टक्के अनुमोदन. जनावरांच्या बाबतीतही तोच नियम. गावी जाऊन कोणाच्या म्हशीला सुई टोचली हा अनुभव नव्हे.

पागोळी:

लॉ स्कूलबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. मी शिकागोत लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईबाबा डोंबिवलीचे, मी इथेच वाढले, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

लॉला सक्तीचे विषय नाहीत, याचा अर्थ तयारी नाही असा नाही. भरपूर वाचायला लावणारे आणि लिहिलेलं लाल शाईने भरून परत देणारे प्राध्यापक शोधायचे. मला एका फिलॉसॉफीच्या बाईंनी दोन पानांचा निबंध पाच वेळा लिहायला लावला होता. 'हे वाक्य काय सिद्ध करतं?' एवढंच विचारायच्या. लॉ स्कूलमध्ये रोज तेच विचारतात.

जीपीएचा हिशोब मेडिकलपेक्षा वेगळा आहे. लॉ स्कूल्सचे अर्ज हाताळणारी एलसॅक ही संस्था सगळ्या ट्रान्सक्रिप्ट घेऊन स्वतः जीपीए काढते आणि पहिली पदवी मिळेपर्यंतचेच गुण धरते. नंतर मास्टर्स करून तो आकडा वर नेता येत नाही. ए प्लसला ४.३३ धरतात, म्हणजे तुमच्या कॉलेजात ए प्लस मिळत असेल तर तो खरोखर कामाचा आहे. एलसॅट ही लॉची प्रवेश परीक्षा १२० ते १८० मध्ये मोजतात. ऑगस्ट २०२४ पासून त्यातले लॉजिक गेम्स गेले, आता लॉजिकल रीझनिंगचे दोन भाग आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा एक, वर एक न मोजला जाणारा भाग. त्यामुळे मोठ्या भावंडांची जुनी पुस्तकं निम्मी बाद झाली, जरा बघून वापरा. जुन्या पेपरांवर वेळ लावून सराव केला आणि प्रत्येक चूक का झाली ते वहीत लिहिलं तर गुण वाढतात. ही घोकंपट्टीची परीक्षा नाही.

आणि काम जवळून पाहण्याबद्दल शेवंतीताई जे म्हणतात ते आमच्याकडे तर फुकट आहे. कोर्टं सगळ्यांसाठी उघडी असतात. कुठल्याही सकाळी जाऊन मागच्या बाकावर बसता येतं, कोणी हटकत नाही. मी कॉलेजात असताना घरभाड्याच्या खटल्यांच्या कोर्टात बसायचे. घरमालकांचा वकील हातात फायलींचा गठ्ठा घेऊन उभा. एकामागून एक नाव पुकारतात, भाडेकरू एकटा पुढे येतो, बहुतेकांना वकील नसतो, एका बाईच्या कडेवर मूल. न्यायाधीश दोन प्रश्न विचारतात. तिला उत्तर इंग्रजीत नीट देता येत नाही. संपलं. पुढचं नाव. मला वकिली कुठल्या बाजूने करायची ते त्या बाकावर बसून ठरलं. टीव्हीवर दिसते ती वकिली मी तिथे कधीच पाहिली नाही.

सरळ कॉलेजातून लॉला जायची घाई करू नका. दोन वर्षं पॅरालीगलचं (वकिलाच्या मदतनिसाचं) काम केलेली माझ्या वर्गातली मुलं पहिल्या दिवसापासून स्थिर होती. आणि सह्यकडा काका, लॉ स्कूल्स आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना मोकळेपणाने घेतात, नोकरीच्या वेळी मात्र व्हिसाचा प्रश्न येतोच.

बकुळ_पुणे:

आम्ही पुण्यात आहोत, मुलगा अकरावीत आहे. इथून बारावीनंतर अमेरिकेत पाठवून डॉक्टर करावं का?

कडबाकुट्टी:

बकुळताई, स्पष्ट सांगतो, हा फार खडतर आणि महाग रस्ता आहे. वर एफ-१चं लिहिलंय तेच तुम्हाला लागू. आपल्याकडे हे सगळं बारावीनंतरच सुरू होतं. मेडिकलप्रमाणे व्हेटरिनरीलाही नीटचे गुण लागतात. महाराष्ट्रात नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर अशी महाविद्यालयं आहेत. मुंबईचं तर १८८६ पासूनचं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मुलाला आवड असेल तर तिथे शिकून मग परीक्षा देऊन इकडे येता येतं, मी तसाच आलो. एमबीबीएसवाल्यांना यूएसएमएलई ही इथल्या परवान्याची परीक्षा आहे. पण आधी त्याला जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सुट्टीत बसवा. इथल्या मुलांना जे सांगतो तेच.

सह्यकडा:

पैशांचं कोणी बोलत नाहीये. तेही सांगाल का?

शेवंती:

सांगते, कारण नियम नुकतेच बदललेत आणि जुनी माहिती सगळीकडे फिरते आहे. आतापर्यंत व्यावसायिक पदवीसाठी ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज जवळजवळ पूर्ण खर्चाइतकं मिळायचं. २०२५ च्या कायद्याने ते १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केलं. मेडिकल, व्हेट आणि लॉच्या मुलांना आता सरकारकडून वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर. वरचा खर्च खासगी कर्जातून किंवा घरातून. खासगी मेडिकल स्कूल किंवा राज्याबाहेरचं व्हेट स्कूल यात बसत नाही.

व्हेटच्या मुलांना हे सगळ्यात जास्त झोंबणार, कारण शिक्षणाचा खर्च डॉक्टरांच्या जवळपास आणि मिळकत त्यांच्याहून बरीच कमी. म्हणूनच आपल्या राज्यातल्या शाळेला इतकी किंमत आहे. आणि म्हणूनच कॉलेजची चार वर्षं नामांकित खासगी विद्यापीठात घालवून पैसे संपवू नका. माझ्याकडे सरकारी विद्यापीठात शिकून, घरी राहून, पैसे राखून ठेवलेली मुलं येतात आणि त्यांना कुठेही कमी लेखलं जात नाही. गुणवत्ता तीच, प्राध्यापकांकडे पोहोचायचं मात्र स्वतःला. व्हेटसाठी कृषी खात्याची एक योजना आहे, जिथे व्हेट कमी आहेत अशा भागात तीन वर्षं काम केलं तर कर्जफेडीला मदत मिळते. कडबाकुट्टींच्या भागासारखे भाग.

रिमझिम_एडिसन:

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला पूर्ण धागा वाचून दाखवला, काही शब्द समजावून सांगावे लागले, मायांग म्हणजे काय ते तिने स्वतः शोधलं. ती गेल्या आठवड्यात पश्चिमेकडच्या शेतीच्या भागातल्या एका दवाखान्यात स्वतः गेली. शनिवारी घोडे आणि गाईंच्या फेरीला येऊ देतो म्हणाले, एक महिना बघू, मग ठरवू. केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांनाही भेटली. आता दोनच प्रश्न: तास कसे लिहून ठेवायचे, आणि पहिल्या दिवशी बरोबर काय न्यायचं?

शेवंती:

किती छान! तास त्याच दिवशी लिहायचे, नंतर आठवून नाही. साधी स्प्रेडशीट पुरे: तारीख, तास, जागा, देखरेख करणाऱ्या व्हेटचं नाव आणि संपर्क, प्राण्याची जात, आणि दोन ओळी, आज काय पाहिलं आणि काय कळलं नाही. शेवटचा रकाना सोडू नको म्हणावं. तीन वर्षांनी निबंध लिहिताना सगळी मुलं 'लहानपणापासून प्राण्यांची आवड' लिहितात, तिच्याकडे लिहायला खरं काही असेल. शेतकऱ्याचं किंवा मालकाचं नाव लिहू नये, आणि फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात काढू नये.

कडबाकुट्टी:

बरोबर न्यायचं: स्वतःचे रबरी गमबूट, धुता येतील असे. एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाताना ते ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवायचे, कोणी सांगायची वाट न बघता. एका गोठ्यातला रोग दुसरीकडे नेणारा माणूस परत बोलावला जात नाही. जुने कपडे, बदलायला दुसरा जोड, केस बांधलेले, कानात लोंबतं काही नको. धनुर्वाताची लस झाली आहे ना पाहा, आणि रेबीजच्या प्रतिबंधक लसीबद्दल तिच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा, पुढे बहुतेक व्हेट स्कूल्सना लागते. घोड्याच्या मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूने बोलत बोलत जवळ जायचं. आणि डबा न्यायला सांगा, फेरीत जेवणाची वेळ ठरलेली नसते.